समजा, मी ढ आहे

खांबेटे सर व्हायवा घ्यायला बसले की आधी चष्मा काढायचे. काड्या मिटून डबीत ठेवायचे, डबी टपकन बंद करायचे आणि समोरच्याला सांगायचे, "हं. आता समजा, मी ढ आहे. मला काही म्हणजे काही येत नाही. समजावा."

समोरचं पोर हसायचं. सर हसायचे नाहीत. मग पोराचं हसू आपोआप जिरायचं, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं त्याचे जे हाल व्हायचे ते कुत्रा खाणार नाही.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. कॉलेजचं नाव सांगत नाही, आमच्या प्राचार्यांना वाचायची सवय आहे. खांबेटे सर आधी माझे शिक्षक, मग सहकारी, आणि निवृत्त झाल्यावर दरवर्षी व्हायवाला येणारे परीक्षक. आमच्या विभागातल्या निम्म्या जागा रिकाम्या आहेत आणि त्या भरायचं कुणी मनावर घेत नाही. म्हणून ज्यांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं, त्यांनाच फोन करून परत बोलवायचं, अशी आमची पद्धत. सर फोनवर एकच विचारायचे, "काय-स्क्वेअर आहे ना?" असेल तरच यायचे.

हे काय-स्क्वेअर प्रकरण थोडक्यात सांगते, घाबरू नका. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे तपासायची ती एक रीत. म्हणजे बघा, स्कूटरवाले आणि मोटरसायकलवाले, यांत हेल्मेट कोण जास्त घालतं? गाडीचा आणि हेल्मेटचा काहीच संबंध नसता, तर किती माणसं कुठल्या खान्यात पडली असती ते आधी काढायचं. प्रत्यक्षात किती पडली ते मोजायचं. आणि दोन्हींतली तफावत बघायची. तफावत फारच मोठी निघाली तर म्हणायचं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. झालं, एवढंच. आकडेमोड पोरांना येते, न आली तर यंत्र करतं. पण हे 'एवढंच' स्वतःच्या तोंडानं सांगता येत नाही, आणि सरांना नेमकं तेवढंच हवं असायचं.

हेल्मेटचं उदाहरण सरांचंच. एका वर्षी त्यांनी अख्खा वर्ग स्वारगेटच्या चौकात उभा केला होता, हेल्मेटं मोजायला. एका हुशार पोरानं मोजलेल्या माणसांचे टक्के काढून आणले आणि टक्क्यांवरच पुढचं गणित केलं. सरांनी वही मिटली. "टक्के हेल्मेट घालतात का हो? माणसं घालतात. माझी माणसं कुठे गेली?" पोर दुसऱ्या दिवशी परत चौकात. त्यानंतर महिनाभर आमच्या स्टाफरूममध्ये कुणाचा डबा सांडला तरी बाकीचे ओरडायचे, "माझी माणसं कुठे गेली?"

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. विद्यार्थ्यांनाही. प्रेम म्हणून नव्हे, पुणेकरानं 'अहो' म्हणून केलेला अपमान जास्त आत जातो म्हणून. आणि ढ झाले की ते असले काही ढ व्हायचे की खरा ढ माणूस लाजेल.

"तफावतीचा वर्ग केला सर," पोर म्हणायचं.

"का हो? रागावलात आकड्यांवर?"

"नाही सर, ते... फॉर्म्युल्यात आहे."

"फॉर्म्युल्यात विहिरीत उडी मारा असं असेल तर माराल? मी ढ आहे. मला सांगा, वर्ग नाही केला तर काय होईल?"

तफावती नुसत्या मिळवल्या तर अधिक-उणे होऊन शून्य येतं, हे त्या पोराला ठाऊक असायचं. पण ते ढ माणसाला सांगायचं कसं, इथे गाडं अडायचं. एकानं तर सरळ सांगून टाकलं, "सर, सॉफ्टवेअरमध्ये उत्तर येतं." सर म्हणाले, "मग डिग्रीही सॉफ्टवेअरलाच देऊ. पदवीदानाला येताना घेऊन या त्याला. झब्बा घालून."

एका वाक्यावर मात्र सर पेटायचे. तफावत लहान निघाली की पोरं सर्रास म्हणतात, "म्हणजे संबंध नाही, सिद्ध झालं." हे ऐकलं की सरांच्या कानशिलाची शीर उडायची. "'नाही' असं कुणी सांगितलं तुम्हाला? दिसला नाही म्हणा. चार माणसांना विचारलंत, त्या चारांत दिसला नाही, एवढंच." हे वाक्य चुकलं की बाकी सगळं बरोबर असून पोर नापास. मग रडारड, पालक, प्राचार्य. सर ढिम्म हलायचे नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, एका वाक्यासाठी पोरांचं वर्ष कशाला घालवता?" तर म्हणाले, "बाई, आज मी याला बरोबर म्हटलं की उद्या हा कुठल्या तरी खुर्चीत बसून सांगेल, या औषधानं अपाय होत नाही, सिद्ध झालंय. माणसं मरतील. आणि त्याला शिकवलं कुणी? मी."

मंडईतल्या आंबेवाल्यालाही सोडायचे नाहीत. तो बिचारा म्हणायचा, "एक आंबा खराब निघणार नाही साहेब." सर म्हणायचे, "निघाला नाही म्हणा, अजून." पुढे पुढे तो आंबेवाला सरांना बघून पेटीवर गोणपाट टाकायचा.

हे सगळं हसण्यावारी न्यायचे दिवस होते. मग काकूंचं झालं.

काकू म्हणजे सरांची बायको. पोटात दुखायचं त्यांच्या. तपासण्या झाल्या, डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही, निश्चिंत राहा." सर तिथल्या तिथे म्हणाले, "सापडलं नाही म्हणा." काकूंना रडूच फुटलं. "अहो, एकदा तरी नुसतं 'नाही' म्हणा ना," म्हणाल्या. हे मला काकूंनीच सांगितलं, विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरी, मला पोहे देताना, हसत हसत. पुढच्या तपासणीत सापडलं. वर्षाच्या आत गेल्या. दिवसकार्य झाल्यावर सर कॉलेजात आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर होतो मी, बाई. पण नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

विश्रांतवाडीचं घर बंद करून सर धायरीला मुलाकडे राहायला गेले. मुलगा वाईट नाही, उगाच खापर फोडायचं म्हणून फोडू नये. तो आणि सून दोघं सकाळी लॅपटॉप पाठीला लावून बाहेर पडतात आणि पिळून काढल्यासारखे घरी येतात. पुण्यात आता कुणाला कुणाची सवड आहे?

यंदाच्या व्हायवाला सर आले ते वाळलेलेच वाटले. मी कॉलेजची परीक्षक, ते बाहेरचे, दोघं शेजारी शेजारी बसलो. पहिली मुलगी आली. सरांनी चष्मा काढलाच नाही. मला वाटलं, विसरले, वय झालं. "समजा, मी ढ आहे," तेवढं म्हणाले. मुलगी समजावत गेली. सर म्हणाले, "पुन्हा सांगा." तिनं सांगितलं. "पुन्हा एकदा." तिनं तेही सांगितलं, बापडीला वाटलं हीच परीक्षा. सरांनी वीसपैकी अठरा दिले. सरांनी! ज्यांच्या हातून बारा सुटले तर आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवायचो.

दुसऱ्याला अठरा. तिसरीला एकोणीस. दुपारपर्यंत कॉलेजभर झालं, खांबेटे सर मऊ झाले. व्हरांड्यात पोरं एकमेकांना टाळ्या देत होती. विभागप्रमुख मला म्हणाले, "बरं झालं, म्हातारपणी शहाणपण सुचलं." मला खरं सांगायचं तर रागच आला. म्हटलं, आमच्या वेळी आम्हाला सोललं, आणि आता हे दानशूर कर्ण!

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून स्वारगेटला सोडलं. वळून बघते तर सर विश्रांतवाडीच्या बसच्या पायरीवर. "सर! धायरी!" मी ओरडले. सर खाली उतरले आणि म्हणाले, "ठाऊक आहे मला. बस बघत होतो, रंग नवा दिलाय." मी हसले आणि निघाले. इतका कसा माणूस डोळे असून आंधळा असतो!

दुसऱ्या दिवशी शेवटची मुलगी होती वानखेडे. यवतमाळकडची, इथे वसतिगृहात राहते. हा एकच विषय तिचा मागे राहिलेला. तिनं वसतिगृहातल्याच मुलींवर काम केलं होतं: मेसचा डबा खाणाऱ्या आणि खोलीत स्वतः करून खाणाऱ्या, यांत पोट बिघडण्याचा डब्याशी संबंध आहे का. गणित नीट केलेलं. तफावत लहान आली होती.

"मग?" सर म्हणाले. "मी ढ आहे. मला सांगा, याचा अर्थ काय?"

"म्हणजे सर, मेसच्या डब्यानं पोट बिघडत नाही. सिद्ध झालं."

आता डबी आपटणार, आता शीर उडणार, म्हणून मी पोरीसाठी पाण्याची बाटलीसुद्धा पुढे सरकवली.

"छान," सर म्हणाले. आणि अठरा लिहिले.

पोरगी हात जोडून बाहेर गेली. मी सरांकडे वळले. "सर, ती 'सिद्ध झालं' म्हणाली."

"हो."

"'सिद्ध झालं' म्हणाली, सर."

सर माझ्याकडे बघत राहिले. "मग? होत नाही का सिद्ध?"

आयुष्यात अशी भीती मला फार कमी वेळा वाटली आहे. ते माझी थट्टा करत नव्हते. ते खरोखर विचारत होते.

माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. मार्कांचा कागद त्यांनी हळूच पालथा घातला.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "आकडे दिसतात. शब्द दिसतात. पोर काय म्हणतंय ते बरोबर की चूक, ते मात्र हातात येत नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय. सूनबाई विचारते तेव्हा मी म्हणतो, नाव विसरलो. विसरलेलो नाही."

"मग मार्क कशावरून देत होता?"

"कशावरून देणार? मला कळत नाही म्हणून पोराला कसं नापास करू? डोकं माझं गेलंय, त्यांचं नाही."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि माझा स्वभाव असा की आधी रागच बाहेर पडतो. मी म्हटलं, "अहो पण मग यायचंच कशाला, सर? मला फोनवर सांगायचं! नाही जमत म्हणायचं!"

सर खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "घरी मी एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की मुलगा म्हणतो, बाबा, आत्ताच सांगितलं ना. त्याचं चूक नाही, दमून येतो तो. गीझरचं बटण कुठलं, हेसुद्धा मी आता विचारत नाही. गार पाण्यानं अंघोळ करतो. इथे पोरं तिसऱ्यांदा सांगतात हो. चौथ्यांदा सांगतात. समोर बसून, माझ्याकडे बघून. चिडत नाहीत."

चिडतील कशी? मार्क सरांच्या हातात होते. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं.

मग एकदम ते ताठ झाले. "बाई, ती मुलगी चुकली ना? नक्की चुकली?"

"हो सर."

"मग बोलवा तिला. अशी जाऊ देऊ नका. आणि बाकीच्यांचं?"

"मी सगळी उत्तरं ऐकलीत, सर. मी बघते."

"मार्क तुम्हीच लावा. माझी सही नको. आणि उद्या तुमच्या साहेबांना सांगा, मला यापुढे बोलवायचं नाही. कारण खरं सांगा. गुडघे-बिडघे सांगू नका."

वानखेडे परत आली ती पांढरीफटक पडून. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"बस," मी म्हटलं. "तुझ्या खोलीची किल्ली हरवली. पर्समध्ये शोधलीस, सापडली नाही. म्हणून किल्ली नाहीच का?"

"नाही मॅडम, ती गादीखाली असते."

"मग तुझं पोट बिघडण्याचं कारण गादीखाली असेल तर?"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या जर्नलकडे. "अय्या," म्हणाली. "म्हणजे मला दिसलं नाही, एवढंच म्हणायचं." पोरगी मठ्ठ नव्हती, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"आता मला सांगा," सर म्हणाले.

तिनं सांगितलं. व्हायवाच्या आवाजात, पाठ ताठ करून. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "पुन्हा." तिनं जर्नलच्या मागच्या पानावर चार खाने काढले, मुली मांडल्या, पुन्हा सांगितलं. सरांचं बोट एका खान्यावरून दुसऱ्यावर जात होतं आणि मध्येच वाट चुकत होतं. "ही कोण?" त्यांनी विचारलं. तिनं ते बोट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. तिला कळलं असणार, कारण तिचा व्हायवाचा आवाज गेला आणि घरचा आवाज आला.

"घाई नाही सर," ती म्हणाली. "मी सांगून राहिली ना. हळूहळू बघू. ही बघा, ही डबा खाणारी. हिचं पोट बिघडलं."

कितव्यांदा सांगितलं ते मी मोजलं नाही. ऊन बाकावरून खाली उतरलं होतं. आणि मग सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला, गाठ सुटावी तसा.

"अहो," ते म्हणाले, "काय सोपं आहे हे!"

वानखेडे हसली. मी कागद सुलटा केला आणि तिला पंधरा लिहिले. कमावलेले पंधरा.

"उद्या हे राहणार नाही माझ्याजवळ," सर तिला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, उद्या भाजी आणायची आहे म्हणावं तसं. "आत्ता आहे. खडू आहे का हो? बसा तुम्ही. बाई, तुम्हीही बसा. आहे तोवर मी सांगतो."

ते फळ्याशी गेले. आणि सांगायला लागले, तेच खांबेटे सर, ज्यांनी मला शिकवलं होतं, तोच आवाज, त्याच फिरक्या, "आकड्यांवर रागावू नका," सगळं. चार खाने काढले. एकेक माणूस त्यात घातला. संबंध नसता तर काय झालं असतं, ते सांगितलं. काय झालं, ते सांगितलं. मी आजवर ऐकलेल्या काय-स्क्वेअरमधलं ते सगळ्यात सुरेख होतं, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

"आता," सर म्हणाले, "यातून आपल्याला काय म्हणता येतं? आपल्याला म्हणता येतं, की..."

आणि थांबले. खडू फळ्याला टेकलेला. पाठ आमच्याकडे.

पुढचं वाक्य मला येत होतं. वानखेडेलाही येत होतं, आत्ताच शिकली होती ती. पण ती बोलली नाही. हात मांडीवर ठेवून, फळ्याकडे बघत, वाट बघत बसली. मीही बसले. शिपाई खोली बंद करायला दारात आला, तसं मी त्याला हातानंच थांब म्हटलं.